गर्भ आणि गाठ



गर्भारपणातील पहिली सोनोग्राफी हा घरातला एक लहानसा उत्सवच असतो. पडद्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके दिसतात, सासूबाई देरासरात जाऊन येतात, माहेरी फोन जातो. अहवालाचा कागद मात्र बहुधा कोणी पूर्ण वाचत नाही. त्या कागदावर, गर्भाचे वय आणि ठोक्यांची संख्या यांच्या खाली, क्वचित आणखी एक ओळ असते : उजव्या किंवा डाव्या अंडाशयात अमुक सेंटिमीटरची गाठ. या एका ओळीचे काय करावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय अप्रिय आहे, हे मी जाणते. तरीही तो घेतला, कारण या ओळीला आपल्या घरांत बहुधा दोनच प्रकारचा प्रतिसाद मिळतो. एक तर ती ओळ डोहाळजेवण होईपर्यंत फाइलीत पडून राहते; नाही तर त्याच संध्याकाळी ‘आई वाचवायची की बाळ’ असा प्रश्न बैठकीच्या खोलीत मांडला जातो. पहिल्यात मोलाचा वेळ जातो. दुसऱ्यात जो निर्णय घेण्याची वेळ बहुतेकींवर कधी येतच नाही, तो निदानापूर्वीच घेऊन टाकला जातो.

प्रथम दिलाशाची बाजू. ज्या अंडाशयातून बीज बाहेर पडून गर्भधारणा होते, तेथेच मागे ‘पीतपिंड’ नावाची पिवळसर ग्रंथी तयार होते. वार पूर्णपणे कामाला लागेपर्यंत, म्हणजे पहिले आठ ते दहा आठवडे, गर्भाला टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हीच ग्रंथी पुरवते. सोनोग्राफीत ती पुष्कळदा पाण्याने भरलेल्या गाठीसारखी दिसते. अशा गाठी साधारणपणे पाच सेंटिमीटरहून लहान, पातळ भिंतीच्या आणि आत केवळ द्रव असलेल्या असतात. चौदाव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत त्यांतील बहुतेक आपोआप विरून जातात. (‘गाठ विरघळवणारी’ पुडी देणाऱ्यांची कीर्ती बरीचशी या नैसर्गिक नियमावर उभी आहे. पुडी घेतली नसती तरी ती गाठ गेलीच असती. आणि जी जाणार नव्हती, ती पुडीनेही गेली नाही.) सोळाव्या आठवड्यानंतरही टिकून राहणाऱ्या गाठींतही बहुसंख्य साध्या असतात. केस, चरबी, प्रसंगी दातसुद्धा असलेली ‘डरमॉइड’ गाठ ही त्यांतली नेहमीची. टिकून राहिलेल्या गाठींपैकी शंभरात साधारण एक ते सहा कर्करोगाच्या निघतात. एकूण गर्भारपणांचा हिशेब धरला, तर दहा हजार ते पन्नास हजारांत एखाद्या स्त्रीला अंडाशयाचा कर्करोग आढळतो. जोखीम थोडी आहे, पण पणाला लागलेले मोल फार मोठे आहे. अशा व्यवहारात कागद नीट ठेवायचे आणि तारीख चुकवायची नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एरवी अंडाशयाचा कर्करोग हा दबक्या पावलांनी येणारा रोग आहे. पोट फुगल्यासारखे वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, वारंवार लघवीला जावे लागणे, बद्धकोष्ठ, कंबरदुखी ही त्याची लक्षणे. आणि हीच गर्भारपणाचीही लक्षणे. त्यामुळे लक्षणांवरून गरोदर स्त्रीचे निदान करणे जवळजवळ अशक्य असते. यात एक विलक्षण योग मात्र आहे. एरवी तिशीच्या आतली निरोगी सून पोटाची सोनोग्राफी करायला कशाला जाईल? ती गर्भासाठी जाते आणि गाठ सापडते. म्हणूनच गर्भारपणात सापडलेले अंडाशयाचे बहुसंख्य कर्करोग पहिल्या टप्प्यातच, एका अंडाशयापुरते असताना हाती लागतात. बाळाने आईचा रोग उघड केला, असे कोणी म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही.

एका लक्षणाबद्दल मात्र थांबायचे नसते. एका बाजूला अचानक, असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर गाठीला पीळ बसून अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. ती तातडीची शस्त्रक्रिया असते. रात्र उलटण्याची वाट पाहायची नाही.

गाठ कोणत्या जातीची, याचा पहिला अंदाज सोनोग्राफीच देते. केवळ द्रव असेल तर चिंता कमी. आत घट्ट भाग, भिंतीतून आत वाढलेले कोंबासारखे उंचवटे, जाड पडदे, त्यांत वेगाने खेळणारे रक्त किंवा पोटात साचलेले पाणी दिसले, तर संशय वाढतो. येथेही गर्भारपण एक चकवा देते. ज्या स्त्रीला आधीपासून एंडोमेट्रिओसिसची गाठ आहे, तिच्या गाठीचे अस्तर गर्भारपणाच्या संप्रेरकांनी जाड होते आणि हुबेहूब कर्करोगासारखे दिसू लागते. अशा वेळी एमआरआय उपयोगी पडतो. सोनोग्राफी व एमआरआय या दोहोंत क्ष-किरण नसतात, त्यामुळे ‘इतक्यांदा तपासणी केल्याने बाळाला किरणे लागतील’ ही घरोघरीची भीती येथे अनाठायी आहे. एमआरआयमध्ये शिरेतून देण्याचे गॅडोलिनियम हे औषध मात्र गर्भारपणात टाळतात. पोटाचा सीटी स्कॅन आणि पेट स्कॅनही टाळतात.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक घबराट तेथूनच पसरते. सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगाची तपासणी म्हणून ओळखली जाते. तिची नेहमीची मर्यादा ३५. परंतु पहिल्या तीन महिन्यांत गर्भारपणामुळेच हा आकडा त्याहून बराच वर जाऊ शकतो, आणि बाळंतपणानंतर लगेच पुन्हा वाढतो. एएफपी आणि बीटा एचसीजी हे तरुण वयातील काही गाठींचे निदर्शक. पण एक गर्भ स्वतः तयार करतो आणि दुसरे वार, म्हणजे गरोदर स्त्रीत ते वाढलेले असणारच. एलडीएच मात्र गर्भारपणात फारसे बदलत नाही, त्यामुळे डिसजर्मिनोमा या गाठीचा संशय असेल तर त्याचा आधार घेता येतो. रक्तदाब वाढून गुंतागुंत झाली असेल तर तोही वाढतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते. तात्पर्य, प्रयोगशाळेच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहून कोणी सुनेला कर्करोग झाला असे ठरवू नये, आणि आकडा ठीक आहे म्हणून गाठ विसरूही नये.

जाता जाता : वर्षातून एकदा सवलतीच्या दरात मिळणाऱ्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या यादीत सीए-१२५ घातलेले असते आणि पुष्कळ कुटुंबे घरातील सर्व स्त्रियांसाठी ते घेतात. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ही तपासणी आणि सोनोग्राफी यांच्या आधारे लक्षणे नसलेल्या स्त्रियांना नियमित चाळून पाहिल्याने अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, असा तो निष्कर्ष होता. तपासणी निरुपयोगी नाही. ती कोणाला, केव्हा आणि कशासाठी करायची, याला महत्त्व आहे.

आता एक कल्पित उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू, म्हणजे आठवड्यांचे गणित स्पष्ट होईल. पहिलटकरीण आहे, वय सत्तावीस. अकराव्या आठवड्यात उजव्या अंडाशयात नऊ सेंटिमीटरची गाठ दिसली, आतील काही भाग घट्ट. पोटात पाणी नाही, त्रास नाही. या टप्प्यावर शस्त्रक्रियेची घाई करीत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत निसर्गतःच काही गर्भ पडतात. शिवाय पीतपिंडाचे काम पूर्ण होण्यापूर्वी ते अंडाशय काढले, तर बाहेरून प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते. म्हणून मध्ये एमआरआय होतो, रक्ततपासण्या होतात, आणि चौदा ते सोळा आठवड्यांत सोनोग्राफी पुन्हा केली जाते. गाठ तशीच असेल किंवा वाढली असेल, तर सोळा ते वीस आठवड्यांचा काळ शस्त्रक्रियेस सर्वांत सोयीचा. वार तोवर स्वतंत्रपणे काम करू लागलेली असते आणि गर्भाशय अजून इतके मोठे झालेले नसते की शल्यविशारदांना मागचे काही दिसू नये. एक अंडाशय काढले तरी गर्भ सुखरूप राहतो आणि पुढे दुसऱ्या अंडाशयावर पुन्हा गर्भधारणाही होऊ शकते, ही गोष्ट ऐकून पुष्कळ कुटुंबांना आश्चर्य वाटते.

‘सुईने पाणी काढून तपासायला पाठवा, चिरफाड कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. संशयास्पद गाठीत सुई घालायची नसते. गाठ जर कर्करोगाची असेल आणि तिचे कवच फुटून पेशी पोटात सांडल्या, तर एका अंडाशयापुरता असलेला रोग पुढच्या पायरीवर जातो आणि जी स्त्री केवळ शस्त्रक्रियेने बरी झाली असती तिला केमोथेरपी घ्यावी लागू शकते. म्हणून अंडाशय व नलिका यांसह गाठ अखंड बाहेर काढतात. संशय दाट असेल तर दुर्बिणीऐवजी पोटावर उभा छेद घेणे श्रेयस्कर ठरते. व्रण मोठा राहतो, पण अशा वेळी व्रणाच्या लांबीचा विचार करू नये. त्याच शस्त्रक्रियेत पोटातील द्रवाचा नमुना, आतड्यावरील चरबीच्या पडद्याचा तुकडा आणि दुसऱ्या अंडाशयाची पाहणी होते. गर्भाशयामागील भाग गर्भारपणात नीट पाहता येत नाही. ते काम आवश्यक असल्यास बाळंतपणानंतर पूर्ण करतात. गाठ तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला रुग्ण गरोदर आहे हे आवर्जून कळवावे लागते, कारण गर्भारपणात पेशींचे रूपही बदलते.

पुढचे सारे पॅथॉलॉजीच्या अहवालावर अवलंबून असते. गरोदर वयातील स्त्रियांत ‘बॉर्डरलाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाठी बऱ्याच असतात. त्यांना बहुधा शस्त्रक्रियाच पुरते. बीजपेशींपासून होणाऱ्या गाठींत डिसजर्मिनोमा प्रमुख. ती झपाट्याने वाढते, पण औषधांना तितकीच चांगली दबते, आणि एका अंडाशयापुरती असताना काढली तर पुष्कळदा नुसत्या देखरेखीवर भागते. अंडाशयाच्या आवरणाच्या पेशींपासून होणारा कर्करोग हा वयस्कर स्त्रियांत अधिक. गर्भारपणात तो पहिल्या टप्प्यात व मंद जातीचा असेल तर शस्त्रक्रिया पुरते, अन्यथा केमोथेरपी लागते. रोग पोटात पसरलेला असेल, तर आधी केमोथेरपी, मग प्रसूती आणि त्यानंतर मोठी शस्त्रक्रिया असा क्रम लावतात. पहिल्या टप्प्यातील रोगाचे भवितव्य चांगले असते. पाच वर्षांनंतर शंभरातील नव्वदांच्या आसपास स्त्रिया हयात असतात. गर्भारपणामुळे हा रोग ‘भडकतो’ ही समजूत जुनी आहे, पण टप्पा सारखा असेल तर गरोदर व इतर स्त्रियांच्या परिणामांत तसा फरक आढळलेला नाही.

गर्भ पोटात असताना केमोथेरपी? शब्द उच्चारताच घरात शांतता पसरते. पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत, कारण त्याच काळात बाळाचे हृदय, हातपाय, चेहरा घडत असतात. बाराव्या ते चौदाव्या आठवड्यानंतर मात्र निवडक औषधे देता येतात. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन यांची जोडी दर तीन आठवड्यांनी देणे ही प्रचलित पद्धत आहे. सिसप्लॅटिनमुळे बाळाच्या श्रवणशक्तीवर परिणाम होण्याचा धोका असल्याने शक्य तेथे कार्बोप्लॅटिनला प्राधान्य मिळते. बीजपेशींच्या गाठींची औषधे निराळी असून ती अधिक जपून निवडावी लागतात. कर्करोगावरील काही नवी औषधे, उदाहरणार्थ बेव्हॅसिझुमॅब किंवा पार्प गटातील गोळ्या, गर्भारपणात वर्ज्य आहेत. शेवटची मात्रा प्रसूतीपूर्वी निदान तीन आठवडे आधी, म्हणजे साधारण पस्तिसाव्या आठवड्याच्या आत संपवतात. अन्यथा आईच्या आणि बाळाच्या रक्तपेशी घटलेल्या असताना प्रसूती होण्याचा धोका असतो.

अशा बालकांचे पुढे काय होते? बेल्जियममधील ल्युव्हेन येथील प्रा. फ्रेडरिक अमांत आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. २०१५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा १२९ बालकांची तुलना तितक्याच सामान्य बालकांशी केली होती, ज्यांच्या माता गर्भारपणात कर्करोगाने आजारी होत्या. त्यांपैकी ९६ बालकांना गर्भात असताना केमोथेरपीला सामोरे जावे लागले होते. दीड व तीन वर्षांच्या वयात तपासले असता बुद्धी, हृदय आणि सर्वसाधारण वाढ यांत लक्षणीय उणेपणा आढळला नाही. बुद्धीच्या विकासात जो फरक दिसला, तो मुदतीपूर्वी जन्मण्याशी जोडलेला होता. आणि ही गोष्ट निरोगी मातांच्या बालकांनाही लागू होती. यांत स्तनाच्या व रक्ताच्या कर्करोगाच्या माताही होत्या, हे लक्षात ठेवायला हवे. तरी या अभ्यासाने एक जुनी वहिवाट बदलली. पूर्वी बाळाला औषधांपासून वाचवायचे म्हणून ते तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यातच बाहेर काढीत. आता शक्य तेवढे पूर्ण दिवस, साधारण सदतीस आठवडे, भरू देण्याचा आग्रह धरतात.

म्हणून मघाचा प्रश्न, ‘आई की बाळ’, बहुसंख्य घरांत उपस्थित होण्याचे कारणच राहत नाही. सर्वच घरांत मात्र नाही, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. रोग पसरलेला आहे, गर्भ अजून आठ-दहा आठवड्यांचाच आहे आणि उपचार थांबवणे आईच्या जिवावर बेतणारे आहे, अशी परिस्थिती येऊ शकते. तेव्हा गर्भपाताचा विषय डॉक्टरांना काढावाच लागतो. आपल्या घरांत हा शब्द किती जड आहे, हे मी सांगायला नको. पर्युषणात अनेक संघांत कल्पसूत्राचे वाचन होते. मातेला कष्ट होऊ नयेत म्हणून प्रभू गर्भात निश्चल राहिले आणि त्या निश्चलतेनेच त्रिशलामाता शोकाकुल झाली, हा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. गर्भातील जिवाची आणि मातेची वेदना किती गुंतलेली असते, हे ज्यांना ऐकून ठाऊक आहे त्यांना कोणत्याही बाजूने घाईचा उपदेश करवणार नाही.

कायदा येथे स्पष्ट आहे. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत, ठरावीक परिस्थितीत वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे मत, गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळाचे मत लागते. स्त्रीचा जीव तत्काळ वाचवण्याचा प्रसंग असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. या सगळ्यात संमती लागते ती त्या प्रौढ स्त्रीची, आणि केवळ तिचीच. पतीची सही, सासऱ्यांची परवानगी, माहेरची मान्यता यांची कायद्याला गरज नाही. तिने नको म्हटले तर कोणी लादू शकत नाही. तिने हवे म्हटले तर कोणी अडवू शकत नाही.

व्यवहारात काय होते? पेढीवरचे मोठे निर्णय जसे ज्येष्ठ पुरुष घेतात, तसाच हाही निर्णय दुकान वाढवल्यावर चार पुरुष बसून घेतात, आणि जिच्या शरीराची गोष्ट आहे तिला ‘साधी गाठ आहे, काढून टाकू’ एवढेच सांगितले जाते. हेतू चांगला असतो. गरोदर बाईला धक्का बसू नये, असेच सर्वांना वाटते. पण सोळाव्या आठवड्यात शस्त्रक्रिया, मग दर तीन आठवड्यांनी औषध, गळणारे केस, हे सारे ‘साध्या गाठी’च्या नावाखाली किती दिवस चालेल? जिला काहीच सांगितलेले नसते ती सर्वाधिक भयंकर तेच कल्पिते. शिवाय खोट्या माहितीवर घेतलेली तिची सही ही खरी संमती नाही. डॉक्टरांच्या खोलीत तिला बरोबर न्यावे, तिच्या शेजारी पतीने बसावे, आणि पहिला प्रश्न तिला विचारू द्यावा.

आपल्या आचारधर्माशी संबंधित काही गोष्टी अशा असतात ज्या मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिन गटातील इंजेक्शने देतात. गर्भारपण, कर्करोग आणि शस्त्रक्रिया ही तिन्ही कारणे एकत्र आली की हा धोका बराच वाढतो. हेपारिन आणि त्यापासून बनणारे एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. ही गोष्ट चौथ्या दिवशी मोबाइलवर वाचून अस्वस्थ होण्यापेक्षा शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावी. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनवलेले औषध उपलब्ध आहे, परंतु गर्भारपणात त्याचा अनुभव तुलनेने कमी आहे. हेपारिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, हा त्याचा मोठा गुण. निवड त्या स्त्रीने सर्व माहितीनिशी करावी. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी त्याच औषधाची गोळी अनेकदा मिळू शकते, तेही विचारावे.

उपवासांचे तसेच. केमोथेरपी चालू असताना गरोदर स्त्रीने अठ्ठाई तर सोडाच, एकासणेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. चोविहाराचा प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण मळमळ थांबवणारी औषधे रात्रीही घ्यावी लागतात आणि शरीरात पाणी कमी पडून चालत नाही. पच्चक्खाणाच्या सूत्रातच ‘आगार’ सांगितलेले आहेत. गंभीर आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्यांत आहे. त्याचा अर्थ लावणे हे डॉक्टरांचे काम नाही. गुरुमहाराजांना किंवा साध्वीजींना प्रत्यक्ष भेटून सारी हकीकत सांगावी, म्हणजे मनात अपराधीपणाचा सल राहत नाही. उलट आपल्या घरची काही वळणे अशा रुग्णाला फार मानवतात. उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, शिळे न खाण्याचा नियम : रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञ नेमके हेच सांगतात. डाळी, मूग, दूध, पनीर यांनी प्रथिने भरून काढता येतात. बी-१२ मात्र शाकाहारात कमी पडते. ते तपासून घ्यावे.

रुग्णालय निवडताना नावापेक्षा एक गोष्ट पाहावी. अनेक कर्करोग रुग्णालयांत प्रसूतिविभाग नसतो, आणि उत्तम प्रसूतिगृहांत कर्करोगाचे शल्यविशारद नसतात. या दोघांनी आणि नवजात अर्भकांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून, आठवड्यांचे वेळापत्रक लिहून काढले पाहिजे. कोण कोणाशी बोलणार आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात मुलगी जालन्याहून पुण्याला किंवा सांगलीहून मुंबईला जाते, आणि फाइल सासरच्या कपाटात राहते. अशा रुग्णाने शस्त्रक्रियेचा तपशील, पॅथॉलॉजीचा अहवाल, शक्य तर पेशींच्या काचपट्ट्या, एमआरआयची चकती आणि केमोथेरपीच्या तारखांची नोंद बरोबर न्यावी. निम्मे उपचार एका गावी आणि निम्मे दुसऱ्या गावी करण्यापेक्षा त्या वर्षापुरती रीत बाजूला ठेवून आईनेच लेकीकडे येऊन राहिले, तर माझ्या मते अधिक बरे.

आणखी एका गोष्टीवर बोलणे टाळले जाते. घरात कर्करोग झाला हे कळले तर नणंदेची सोयरीक अडेल, धाकट्या बहिणीला स्थळ मिळणार नाही, म्हणून सारे गुप्त ठेवतात. वस्तुस्थिती अशी की बीजपेशींच्या गाठी सहसा आनुवंशिक नसतात. आवरणाच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगांत शंभरात दहा ते पंधरा रुग्णांत बीआरसीए या जनुकांतील दोष आढळतो, आणि तो आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. असा दोष असलेल्या स्त्रीच्या सख्ख्या बहिणीला व भावाला तोच दोष असण्याची शक्यता निम्मी. त्यांना वेळेवर तपासणी मिळाली तर पुढचा रोग टाळता येतो किंवा लवकर सापडतो. गुप्ततेने ज्या बहिणीचे लग्न सुरळीत पार पडेल, तिच्याच जिवाशी ती गुप्तता खेळत असते. सून घरची रक्ताची नसल्याने नणंदेचा तर या जनुकांशी संबंधच नसतो. तरी भीती तिच्याच नावाने घातली जाते, हेही नमूद करते.

प्रसूती नैसर्गिक होण्यास या रोगाची आडकाठी नाही. सिझेरियन अन्य कारणाने, किंवा त्याच वेळी उरलेली शस्त्रक्रिया करायची असेल तर करतात. वार पॅथॉलॉजीला पाठवायला सांगावे. केमोथेरपी चालू राहणार असेल तर बाळाला अंगावर पाजता येत नाही. त्यासाठी मातेने स्वतःला दोष देऊ नये, आणि घरातील वडीलधाऱ्यांनीही त्यावरून बोलू नये. प्लॅटिनम गटातील औषध दिले असेल तर बाळाची श्रवणतपासणी करून घ्यावी. आईची तपासणी पहिली दोन-तीन वर्षे दर काही महिन्यांनी, पुढे अधिक अंतराने चालू राहते, आणि दुसऱ्या अपत्याचा विचार तज्ज्ञांशी बोलून बहुधा दोन वर्षांनंतर करायचा असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी होणाऱ्या नेहमीच्या भेटीतच पुढील तपासणीच्या तारखा लिहून घ्याव्यात. त्या काळात घराचे सारे लक्ष बाळाच्या बारशाकडे असते, आणि आईची तारीख हमखास राहून जाते.